डोंगरातल्या नदीवर ट्राउटसाठी पहिल्यांदा जाताना

पहिले तीन दिवस माझ्या गळाला काहीही लागलं नाही. चौथ्या दिवशी कंटाळून काठावरच्या दगडावर बसले होते, तेव्हा दोन हातांवर पाण्यात एक सावली हलली. तपकिरी पाठ, कुशीवर लाल ठिपके, शेपूट सावकाश डावीकडे-उजवीकडे. मी रोज सकाळी जिथून पाण्यात उतरत होते, बरोबर त्याच जागी तो ट्राउट राहत होता. म्हणजे तीन दिवस मी त्याच्या घरात पाय ठेवून, त्याच्याच डोक्यावरून पलीकडच्या काठाकडे गळ फेकत होते.

काठी कुठली घ्यावी, असं मला बरेच जण विचारतात. मासा कुठे उभा असतो, हे क्वचितच कुणी विचारतं. म्हणून खालचा चौथा टप्पा सगळ्यांत लांब झाला आहे. वेळ कमी असेल तर तेवढाच वाचा, पण नवव्याकडे दुर्लक्ष करू नका.

१. आधी कागद, मग काठी

ट्राउटच्या नद्यांवर बहुतेक ठिकाणी परवाना लागतो आणि तो पाण्याजवळ जाण्याआधी खिशात हवा. पण परवाना मिळाला म्हणजे काम झालं असं नाही. अटी मागच्या बाजूला बारीक अक्षरात असतात. मी एकदा मुख्य नदीचा परवाना घेऊन, चालण्याच्या नादात उपनदीत शिरले. रखवालदाराने आवाज न चढवता काठी गुंडाळायला लावली. चूक माझीच होती. हद्द कुठे संपते ते मी विचारलंच नव्हतं.

परवाना घेताना एवढं विचारून घ्या:

- हंगाम कधी उघडतो, कधी बंद होतो? ब्राउन ट्राउट शरद ऋतूच्या अखेरीपासून हिवाळ्यात अंडी घालतो, त्यामुळे तो काळ सहसा बंद असतो. रेनबो ही ट्राउटची दुसरी जात, ती बहुतेक वसंतात घालते.
- नदीचा नेमका कुठला टप्पा? कुठल्या पुलापासून कुठल्या पुलापर्यंत? उपनद्या धरून की सोडून?
- फक्त फ्लाय (पिसांची माशी), की स्पिनरही (फिरत्या पात्याचं आमिष) चालतो? जिवंत आमिष? तीन टोकांचा गळ?
- मासा ठेवता येतो का? येत असेल तर किमान लांबी किती, ती शेपटीच्या टोकापर्यंत मोजायची की खाचेपर्यंत, आणि दिवसाला किती मासे?

शेवटच्या प्रश्नात एक खुबी आहे. आपण धरून चालतो की मासा सोडून दिला की पुण्यच. तसं नेहमी नसतं. ब्राउन ट्राउट मूळचा युरोप आणि आसपासचा, रेनबो पॅसिफिक महासागराला मिळणाऱ्या नद्यांचा. माणसांनी त्यांची अंडी जहाजांवरून जगभर नेली. १८६४ साली बर्फात आणि शेवाळात गुंडाळलेली अंडी इंग्लंडहून टास्मानियाला जिवंत पोहोचली, आणि विसाव्या शतकाच्या तोंडावर काश्मीरच्या नद्यांतही ट्राउट आला. बऱ्याच नद्यांमध्ये तो पाहुणा आहे, आणि काही ठिकाणी नकोसा. अमेरिकेतल्या येलोस्टोनमध्ये लमार नदीच्या खोऱ्यात रेनबो लागला तर तो परत सोडायचा नाही, मारायचाच असा नियम आहे, कारण तो तिथल्या मूळच्या कटथ्रोट ट्राउटशी संकर करतो. तेव्हा ‘सोडायचा की ठेवायचा’ हे नदीनुसार विचारा.

सोबत ठेवायचे कागद: परवान्याची छापील प्रत, ओळखपत्र, नियमांचा मोबाइलवर काढलेला फोटो, आणि काठाची जमीन खासगी असेल तर मालकाची परवानगी. छापील प्रत मुद्दाम म्हणते आहे. दरीत नेटवर्क नसतं, आणि ओल्या बोटांनी मोबाइलही ऐकत नाही.

२. सामान थोडंच न्या

पहिला निर्णय फ्लाय की स्पिनिंग. फरक साधा आहे. स्पिनिंगमध्ये आमिषाला वजन असतं आणि ते दोरीला ओढत नेतं. फ्लाय म्हणजे पिसं आणि केस बांधून केलेली माशी. तिला वजनच नाही, म्हणून तिथे जाड दोरी फेकायची आणि माशी तिच्यामागून जाते. हाताशी एकच दिवस असेल तर स्पिनिंग घ्या. तीन-चार दिवस असतील तर फ्लाय शिका. पहिला दिवस गाठी सोडवण्यात जाईल, हे आधीच मान्य करून टाका.

फ्लायसाठी: साडेआठ ते नऊ फुटांची ५ वजनाची काठी (हा आकडा काठीच्या नव्हे, तिच्यावर चालणाऱ्या दोरीच्या वजनाचा; अरुंद, झाडीने झाकलेल्या ओढ्यावर साडेसात फुटांची ३ किंवा ४ वजनाची), तरंगणारी दोरी, नऊ फुटी निमुळता लीडर (जाड दोरी आणि माशी यांच्यामधला पारदर्शक दोरा) आणि ४एक्स-५एक्सचा टिपेट (लीडरच्या टोकाचा बारीक दोरा, ज्याला माशी बांधतात). हे ‘एक्स’ प्रकरण सगळ्यांना गोंधळवतं. ११ मधून एक्सचा आकडा वजा करा. उरतील तितके सहस्रांश इंच म्हणजे दोऱ्याची जाडी. ५एक्स म्हणजे ०.००६ इंच, साधारण ०.१५ मिलिमीटर. आकडा मोठा, दोरा बारीक.

स्पिनिंगसाठी: सहा फुटांच्या आसपासची हलकी काठी, छोटं रील, ४ ते ६ पौंडांची दोरी, २ ते ५ ग्रॅमचे चार-पाच स्पिनर.

दोन्हींसाठी: पोलराइज्ड चष्मा, टोपी, छोटा थर्मामीटर, गळ काढायला लांब चिमटा, दोरा कापायचं नेलकटर, रबरी जाळीचं हातजाळं, शिट्टी, सुक्या मोज्यांचा जोड. यांतला चष्मा सोडून काहीही विसरलं तरी दिवस निभतो. चष्म्याशिवाय पाण्यावर फक्त आकाश दिसतं. चष्मा लावला की तळ दिसतो. शिवाय उडत आलेला गळ डोळ्यात जात नाही.

एक काम घरीच उरका. गळाच्या टोकामागे जो छोटा उलटा काटा असतो, तो पकडीने दाबून सपाट करा. मासा सोडवणं सोपं जातं आणि स्वतःच्या कानाच्या पाळीतून गळ काढणंही. दुसऱ्या कारणाची प्रचीती मला पहिल्याच आठवड्यात आली.

३. दोन गाठी, डोळे मिटून

पुस्तकात वीस गाठी असतात. तुम्हाला दोन पुरतात.

गळ बांधायला क्लिंच: टोक गळाच्या डोळ्यातून ओवा, मुख्य दोऱ्याभोवती पाच वेढे द्या, टोक डोळ्याजवळच्या पहिल्या फटीतून काढा आणि त्याने जो मोठा फास तयार होतो त्यातून परत आणा. दोन दोरे जोडायला सर्जन गाठ: दोन्ही एकावर एक धरून फास करा, त्यातून दोघांची टोकं दोनदा काढा, चारही बाजूंनी ओढा.

आवळण्याआधी गाठीला थुंकी लावा. कोरडा नायलॉन घासला की तापतो आणि तिथेच कमजोर होतो. माझा पहिला मोठा मासा असाच गेला. दोऱ्याचं टोक बघितलं तर डुकराच्या शेपटीसारखं वळलेलं. असं वळलेलं टोक दिसलं की समजायचं, गाठ सुटली आहे. मासा ओढून तोडत नाही, आपण बांधलेलंच सुटतं.

४. पाण्यात उतरू नका, आधी बसा

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात. नवशिक्या थेट गुडघाभर पाण्यात असतो. नदीवर पोहोचलात की काठापासून पाच-सहा पावलं मागे, उंचवट्यावर दहा मिनिटं बसा. हातात काठी नको.

बघायचं काय? ट्राउट चोवीस तास वाहत्या पाण्यात, प्रवाह येतो त्या दिशेला तोंड करून उभा असतो. पाण्याशी झुंजण्यात शक्ती घालवली तर खाल्लेलं अंगी लागत नाही. म्हणून त्याला अशी जागा हवी असते, जिथे उभं राहायला संथ पाणी आहे आणि नाकासमोरून, हातभर अंतरावरून, वेगवान पाणी खाणं घेऊन जातं आहे. नदीतल्या चांगल्या जागा याच एका हिशेबातून निघतात.

पहिली जागा म्हणजे वेगवान आणि संथ पाणी एकमेकाला घासत जातं ती रेघ. मी तिला शिवण म्हणते. ती ओळखायला फेस बघा. फेसाचे बुडबुडे जिथे ओळीने वाहतात तिथेच बुडालेले कीटकही वाहतात. एखादा बुडबुडा निवडून नजरेने त्याच्याबरोबर खाली जा. तो कुठे रेंगाळतो, कुठे वळतो, कुठे झपकन ओढला जातो, ते बघा. रेंगाळतो तिथे मासा.

दुसरी, मोठ्या खडकाभोवतीची. सगळे खडकाच्या मागे गळ टाकतात. पण खडकाच्या पुढेही पाणी आपटून मागे फिरतं आणि एक मऊ उशी तयार होते. चांगला मासा बऱ्याचदा त्या उशीवर टेकलेला असतो.

तिसरी, डोहाचं तोंड आणि डोहाची शेपूट. खळाळ जिथे डोहात उतरतो, तिथे तळाशी एक पायरी असते. मासे त्या पायरीच्या आडोशाला. शेपटाकडे, डोह उथळ होत पुन्हा धावू लागण्याआधी, संध्याकाळी मासे येऊन उभे राहतात. डोहाचा मधला निळाशार, खोल, फोटो काढावासा वाटणारा भाग मात्र बहुधा रिकामा. नवशिक्यांचे तास तिथेच जातात.

चौथी, काठाने आतून पोखरलेली कपार आणि पाण्यात उतरलेली झाडाची मुळं. माझा तो लाल ठिपक्यांचा मासा इथलाच.

आता त्याला तुम्ही कसे दिसता ते. पाण्याखालून बाहेरचं जग माशाला साधारण ९७ अंशांच्या गोल खिडकीतूनच दिसतं. तिच्या कडेला, पाण्याच्या पातळीजवळ असलेल्या गोष्टी चेपलेल्या, पुसट दिसतात. म्हणजे उभा माणूस दिसतो, ओणवा माणूस जवळजवळ नाही. त्यात त्याचं तोंड प्रवाहाच्या वरच्या दिशेला, आणि थेट पाठीमागचं त्याला दिसत नाही. म्हणून खालच्या अंगाने, वाकून, वर चढत जायचं. सावली पाण्यावर पाडू नका. गोट्यांवर बूट आपटू नका. माशाच्या कुशीवरची रेषा ती थरथर टिपते. आणि गळ नेहमी आधी जवळच्या पाण्यात, मग मधल्या, मग लांबच्या. याच्या उलट केलंत की जवळचा मासा दोरी बघून पळतो आणि जाताना बाकीच्यांनाही उठवून जातो.

बसल्या बसल्या थर्मामीटर पाण्यात धरा. १० ते १६ अंश सेल्सिअसला ट्राउट मनापासून खातो. २० च्या पुढे गेलं की काठी गुंडाळा. थंड पाण्यात ऑक्सिजन जास्त मुरतो: १० अंशांना लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम, २० अंशांना ९. कोमट पाण्यात दमवलेला मासा सोडला तरी मागाहून मरू शकतो. बर्फ वितळून आलेली नदी सकाळी ४-५ अंशांवर असेल तर पहाटे उठण्याची फुशारकी कामाची नाही. निवांत निघा, पाण्यावर ऊन येऊ द्या. उन्हाळ्याच्या ऐन काहिलीत मात्र पहाटच बरी.

५. एक दगड उलटा करा

खळाळातला तळहाताएवढा दगड उचला आणि खालची बाजू बघा. आधी काहीच दिसत नाही. मग तो चिखलाचा ठिपका चालायला लागतो. तीन शेपट्या आणि पोटाच्या दोन्ही बाजूंना फडफडणारे कल्ले असतील तर बहुतेक मेफ्लायचं पिल्लू. दोन शेपट्या आणि दणकट पाय, तर स्टोनफ्लाय. वाळूचे कण आणि काडीकचरा चिकटवून केलेली इवलीशी नळी, आत दडलेली अळी, म्हणजे कॅडिस. माशाचं ताट तुमच्या हातात आहे. आकार आणि रंग बघा, डबीतली त्याच्या जवळची माशी बांधा, आणि दगड होता तसा परत ठेवा.

डबी लहान ठेवा. तरंगणाऱ्यांत अ‍ॅडम्स आणि एल्क हेअर कॅडिस, बुडणाऱ्यांत फेझंट टेल आणि हेअर्स इअर. गळाच्या १४ आणि १६ नंबरात प्रत्येकी दोन-तीन. अ‍ॅडम्स ही १९२२ साली मिशिगनमध्ये लेनर्ड हॅलाडे यांनी बांधली. ती कुठल्याच एका कीटकाची नक्कल नाही, म्हणूनच सगळीकडे चालते. फेझंट टेल बांधणारे फ्रँक सॉयर इंग्लंडमधल्या एव्हन नदीचे राखणदार होते. त्यांनी दोऱ्याऐवजी बारीक तांब्याची तार वापरली, म्हणजे माशी बांधली जाते आणि वजनाने बुडतेही. शंका आली की मी हीच बांधते. ट्राउटचं बरंचसं खाणं पाण्याखाली होतं, वर नाही.

६. फेक जवळची, वाहणं मोकळं

लांब फेकण्याचा हव्यास सोडा. डोंगरातल्या नदीत पाच ते आठ मीटर पुरतात. मागे झाडं असतील तर रोल फेक शिका: दोरी पाण्यावरून सावकाश मागे ओढायची, खांद्यामागे तिचा झोळ पडू द्यायचा आणि मनगटाने पुढे गुंडाळत सोडायची. हवेत सातदा काठी हलवणारा माणूस देखणा दिसतो, पण माशी पाण्यात असेल तरच मासा धरेल.

खरी मेख नंतर आहे. माशी पाण्याबरोबर, पाण्याच्याच वेगाने वाहिली पाहिजे. मधल्या वेगवान पट्ट्याने दोरी ओढली की माशी पाण्यावर नांगरट करत जाते, आणि असं चालणारं खाणं माशाने कधी पाहिलेलं नसतं. उपाय दोन: काठीचं टोक वर धरून जास्तीत जास्त दोरी पाण्याबाहेर ठेवा, किंवा दोरी पडल्याबरोबर तिचा मधला भाग उचलून वरच्या दिशेला पलटवा.

तरंगती माशी माशाने घेतली की मनात एक आकडा मोजा, मग काठी उचला. मी पहिले कितीतरी मासे घाईने त्यांच्या तोंडातून काढून घेतले. बुडत्या माशीचं उलट. दोरी थबकली, वाकडी सरकली, काहीही संशय आला की लगेच उचला. दहातल्या सात वेळा दगड निघेल, निघू दे.

स्पिनर वरच्या अंगाला तिरका फेका आणि प्रवाहापेक्षा किंचित जास्त वेगाने गुंडाळा, म्हणजे पातं फिरतं. काठीच्या मुठीत बारीक थरथर लागते. ती थांबली तर पातं अडकलंय किंवा मासा आहे.

७. लागला!

काठी वाकलेली ठेवा, दोरी ढिली पडू देऊ नका. तो धावला तर धावू द्या, थांबला की गुंडाळा. काठी सरळ वर धरण्यापेक्षा बाजूला झुकवून ओढलंत तर तो लवकर दमतो. उगाच ताणत बसू नका.

८. आधी हात ओले करा

माशाच्या अंगावर बुळबुळीत थर असतो, तेच त्याचं चिलखत. कोरड्या हाताने किंवा गरम खडकावर ठेवून ते निघतं. हात भिजवा, मासा जाळ्यात आणि जाळं पाण्यातच ठेवा, चिमट्याने गळ काढा. कल्ल्यात बोट घालू नका, पोट दाबू नका. फोटो हवा असेल तर सोबत्याने मोबाइल आधी तयार ठेवावा. पाण्याबाहेर दहा सेकंदांहून जास्त नको. सोडताना संथ पाण्यात, तोंड प्रवाहाकडे करून हलकेच धरा. फेकू नका. तो स्वतः शेपूट मारून निघून जातो आणि जाताना तोंडावर पाणी उडवतो.

ठेवायचा असेल, आणि नियम परवानगी देत असेल, तर काठीने डोक्यावर एकच जोरात फटका. काठावर तडफडत ठेवणं हा क्रूरपणा आहे. त्यावर मी कुणाशी वाद घालत नाही.

अंड्यांच्या हंगामाच्या आसपास तळाशी इतर गोट्यांपेक्षा स्वच्छ, उजळ दिसणारा खड्डेवजा पट्टा दिसला तर तिथून चालू नका. मादीने शेपटीने खडी उकरून अंडी तिथे पुरलेली असतात.

९. नदी चढते, तुम्हाला न विचारता

बर्फाच्या नदीचं पाणी दिवस चढेल तसं वाढतं. सकाळी पोटरीभर पाण्यातून पलीकडे गेलात तर दुपारी तिथेच मांडीभर असू शकतं. मी दीड तास पलीकडे अडकून बसले आहे. शेवटी तीन किलोमीटर वर चालत जाऊन पुलावरून परतले. वर धरण असेल तर पाणी कधी सोडतात ते आधीच विचारा आणि भोंगा वाजला की सामानाकडे बघत बसू नका. पाणी गढूळ होणं, काड्या-पानं अचानक वाहू लागणं, ओला न झालेला दगड ओला होणं, या तिन्हींपैकी एक दिसलं की बाहेर.

पाण्यात चालताना हातात दणकट काठी, तोंड किंचित वरच्या दिशेला, एक पाय रुजल्याशिवाय दुसरा उचलायचा नाही. सुरुवातीला गुडघ्याच्या वर जाऊच नका. वेडर्स (पाण्यात चालायची, छातीपर्यंत येणारी जलरोधक विजार) घातले असतील तर कमरेचा पट्टा घट्ट. पडलात तर उभं राहण्याची धडपड करू नका. पाय दोन खडकांत अडकला की प्रवाह माणसाला पालथा दाबतो. पाठीवर व्हा, पाय खालच्या दिशेला पुढे ठेवा, आणि तिरके हात मारत काठ गाठा.

गडगडाट ऐकू आला की काठी खाली ठेवा. कार्बनच्या काठ्यांतून वीज वाहते. विजेच्या तारांखाली तर फेकूच नका.

१०. घरी आल्यावर

बूट, जाळं, वेडर्स धुऊन पूर्ण वाळवा, विशेषतः पुढच्या वेळी दुसऱ्या नदीवर जाणार असाल तर. एका नदीचं शेवाळ दुसरीत असंच जातं. डिडिमो नावाचं शेवाळ २००४ साली न्यूझीलंडमध्ये सापडलं, आणि २००८ मध्ये तिथे नमद्याच्या (दाबलेल्या लोकरीसारख्या कापडाच्या) तळव्याचे बूट बंद झाले, कारण नमदा लवकर वाळत नाही.

वहीत तारीख, पाण्याचं तापमान, वेळ, कुठल्या जागी मासा लागला आणि कुठली माशी होती एवढं लिहा. ओल्या माश्या मात्र डबीत बंद करू नका. रात्रभर कागदावर पसरून ठेवा. माझी पहिली डबी उघडली तेव्हा आत चोवीस गंजलेले गळ होते.